शेवटचा परिच्छेद

अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या पातळ कातडीवर फोड आला होता. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, कडा गोल, आतलं पाणी स्वच्छ. भोवतीची त्वचा लाल होती, सूज मात्र नव्हती. श्रीदेवीनं हात उन्हात धरून तो पाहिला. डाव्या हाताला त्या जागी काही झालं नव्हतं. ज्वारीचं ताट उपटताना डावा हात नुसता आधार देत होता, पीळ उजव्याचा होता. पेन धरलं की त्याची दांडी नेमकी या फोडावर टेकणार होती.

"हात बघत बसलीस तर ज्वारी आपोआप निघंल व्हय?" ईरम्मा पुढच्या ओळीतून म्हणाली. तिनं मागं वळून बघितलंही नव्हतं.

"फोड आलाय, आई."

"येऊ दे की. फुटला की कातडं घट्ट होतं."

"रविवारच्या आत होईल का घट्ट?"

ईरम्माचे हात थांबले. मग तिनं पुढचं ताट धरलं, पिळलं, ओढलं. मुळांना चिकटलेली काळी माती पायावर आपटून झाडली आणि ताट बाजूला आडवं टाकलं.

शेजारच्या रानातली कमलम्मा तिसऱ्या ओळीत होती. ती आपली ज्वारी उरकून मदतीला येत होती. "ईरक्का, पोरीला पेन धरायचाय आन् तू तिच्या हातात ताटं देतीस. परीक्षेत काय ज्वारी उपटून दावायचीय काय?"

"तू चिंधी दे तिला आन् गप काम कर."

"शास्त्राची परीक्षा हाय म्हणतीस की गं श्रीदेवी. मग निबंध कशाला?"

"विचार करता येतो का ते बघतात, वहिनी."

"असं व्हय? मग लगीन ठरवायच्या आधी पोराकडनं बी निबंध लिहून घ्यायला पायजे. आमच्या ह्यांची एक ओळ बी झाली नसती."

ईरम्मा हसली. दिवाळीपासून ती हसली की आवाज निघत नसे, फक्त खांदे हलत.

यंदा माणसं मिळत नव्हती. मैंदर्गीतल्या बायका द्राक्षाच्या बागांकडं जात होत्या, गडी सोलापूरला बांधकामावर. रान वाळून कडक झालं होतं आणि आभाळाच्या दक्षिणेला दुपारनंतर ढग जमत होते. उपटलेल्या ज्वारीवर पाऊस पडला तर दाणा काळा पडतो, कडबाही जातो. म्हणून मायलेकी उजाडायच्या आधी रानात उतरत आणि ऊन चढलं की बांधावरच्या लिंबाखाली येत. तिथं ईरम्मा आडवी व्हायची आणि श्रीदेवी निबंध लिहायची.

परीक्षा पुण्याच्या एका विज्ञान महाविद्यालयाची होती. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, वसतिगृह, फी माफ. निम्मे गुण पदार्थविज्ञान, रसायन, गणित, जीवशास्त्राला, उरलेले निबंधाला. विषय ऐनवेळी मिळणार होता आणि मराठीत लिहिलं तरी चालणार होतं. अक्कलकोटच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या सुकन्या मॅडमनीच तिला अर्ज भरायला लावला होता. रोज सकाळी त्या फोनवर एक विषय पाठवत. श्रीदेवी दुपारी लिहून पानांचे फोटो पाठवी आणि संध्याकाळी त्यांचं बोलणं फोनमधून ऐकू येई.

निवड झाली तर पुण्याला जायचं, इतकं सोपं ते नव्हतं. रुद्रप्पाला, तिच्या वडलांना, उचलायला दोघी लागत. ईरम्मा डाव्या काखेत हात घाली, श्रीदेवी उजव्या. तो उंच, हाडापेरानं मोठा माणूस होता, आणि अंगाची उजवी बाजू गेल्यापासून जास्तच जड लागत होता. एकदा ईरम्मानं त्याला एकटीनं उठवायचा प्रयत्न केला होता. नंतर आठ दिवस तिला कंबर सरळ करता आली नव्हती.

"मी गेले तर तू काय करशील?" श्रीदेवीनं तेव्हा विचारलं होतं.

"ते बघू. आदी ज्वारी निघू दे."

हे उत्तर ती सगळ्यालाच देत होती.

*

सकाळची पूजा मात्र रानाच्याही आधी व्हायची.

रुद्रप्पा रानालगतच्या घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसे. गळ्यातलं इष्टलिंग ईरम्मा सोडवून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवी. डावा हात ठीक होता. लिंग धरायला डावाच लागतो. पण भस्म लावायला, पाणी वाहायला, फूल ठेवायला उजवा हवा, आणि तो मांडीवर पडलेला असे, बोटं आत वळलेली. म्हणून श्रीदेवी त्याच्या उजव्या बाजूला चिकटून बसायची आणि त्याचा उजवा हात व्हायची. तीन बोटं भस्मात बुडवून ती लिंगावर आडवी ओढायची, पळीनं पाणी सोडायची, कण्हेरीचं फूल वाहायची. फूल कुठं ठेवायचं ते तो डोळ्यांनी सांगे.

पूजेचं कानडी मात्र तो न अडखळता म्हणत असे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात. पूजा संपली, लिंग पुन्हा गळ्यात गेलं, की शब्द तुटायला लागत. त्याला भाकरी म्हणायचं असे आणि तोंडातून बैलाचं नाव येई. मग तो डाव्या हातानं कपाळ बडवी.

आणि तुटलेले ते शब्दही कानडीच असत.

दिवाळीच्या आधी, बाजारात तराजूजवळ बसल्या बसल्या, तो उजवीकडं कलला होता. तो तोलार होता. वीस वर्षं त्यानं बाजारात पोत्यांची वजनं मराठीत मोठ्यानं पुकारली होती. सोलापूरच्या दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा त्यातला एकही आकडा त्याच्या तोंडी उरला नव्हता.

"घरात कोणती भाषा बोलता?" तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं होतं.

"मराठी," ईरम्मा म्हणाली.

"आणि यांची लहानपणची?"

ईरम्मानं श्रीदेवीकडं पाहिलं होतं आणि मग जमिनीकडं. डॉक्टर म्हणाला, कधीकधी असं होतं, एक भाषा जाते, एक राहते. परत येईल का, ते आज सांगता येत नाही. त्यांना कळतं त्या भाषेत बोलत राहा.

त्यांना कळतं ती भाषा श्रीदेवीला बाजारापुरती येत होती. भाजी घेण्याइतकी, वाट विचारण्याइतकी. घरात मराठीच, हा नियम रुद्रप्पाचा होता. सीमेपलीकडच्या गावातून तो तरुणपणी इकडं आला तेव्हा अक्कलकोटच्या बाजारात त्याला 'म्हैस आला, रेडा आली' म्हणून चिडवत. व्यापाऱ्यांची पोरं त्याच्यामागं ओरडत यायची. पोरीला असं हसू देणार नाही, असं त्यानं ठरवलं. ती लहान असताना 'नीर' म्हणून रडली की तो भरलेला तांब्या हातात घेऊन समोर उभा राहायचा. "पाणी म्हण. पाणी पाहिजे म्हण." ती म्हणेपर्यंत तोही पाणी प्यायचा नाही. आई म्हण, बाबा म्हण. पाचवीला त्यानं तिला अक्कलकोटच्या मराठी शाळेत, वसतिगृहात घातलं. दहावीला मराठीत तिचे तालुक्यात सर्वांत जास्त गुण आले, तेव्हा त्यानं गुणपत्रिका बाजारातल्या प्रत्येक दुकानात नेऊन दाखवली होती.

आता तो 'नीर' म्हणे आणि श्रीदेवी धावत पाणी आणी. "बाबा" म्हणून हाक मारली तर मात्र तो वळून बघत नसे.

*

त्या दिवशीचा विषय होता, 'दिलेला शब्द मोडणे कधी योग्य ठरते का?'

श्रीदेवीनं फोडाला चिंधी बांधली आणि लिंबाखाली बसून लिहायला घेतलं. पेन तिरकं धरावं लागत होतं, अक्षर डावीकडं झुकत होतं. शब्द पाळल्यानं काय टिकतं ते तिनं लिहिलं. परिस्थिती बदलली तर शब्दाचा अर्थ तोच राहतो का, हेही लिहिलं. मग थांबली.

जिथं ती बसली होती तिथून रानाचा वरचा कोपरा दिसत होता. तिथली ज्वारी अजून उभी होती. ईरम्मा रोज दुसरीकडून सुरुवात करायची. तो कोपरा तिनं शेवटी ठेवला होता. हे रान घेतलं त्या वर्षी रुद्रप्पानं दोघींना तिथं नेलं होतं. बापाशी भांडून गाव सोडताना तो म्हणाला होता, पुन्हा या गावात राहायला येणार नाही. त्या कोपऱ्यात उभं राहून त्यानं टाचेनं माती दाबली आणि ईरम्माला सांगितलं, "मला हितं बसवायचं. गावाकडं न्यायचं न्हाय. शब्द दे." त्यांच्यात मेलेल्या माणसाला मातीत बसवतात. ईरम्मानं शब्द दिला होता. श्रीदेवी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती आणि तिला वाटलं होतं, बाबा विश्रांतीच्या जागेबद्दल बोलतायत.

संध्याकाळी सुकन्या मॅडमचा आवाज आला. "श्रीदेवी, दोन्ही बाजू फार नीट मांडल्यास. पण बाळा, शेवट कुठं आहे? तुझं मत काय ते एकाही निबंधात येत नाही. माहिती देऊन थांबतेस. परीक्षकाला तुझा निर्णय हवा असतो. शेवटचा परिच्छेद लिही."

"काय म्हणतात बाई?" ईरम्मानं चुलीपाशी विचारलं.

"शेवट करत नाही म्हणतात."

"का करत न्हाईस?"

"माहिती अपुरी असली तर निष्कर्ष काढू नये, असं प्रयोगशाळेत शिकवतात."

"ते बाटलीतल्या पाण्याचं असंल," ईरम्मा म्हणाली आणि भाकरी उलटली.

ओट्यावरून रुद्रप्पाचा आवाज आला. "मनीगी. मनीगी होगूण."

घरी जाऊ या. एवढं कानडी श्रीदेवीला कळत होतं. ईरम्मानं हात पुसले, श्रीदेवी उठली. एक डावीकडून, एक उजवीकडून, उंबऱ्यापाशी पाय उचलून, त्यांनी त्याला आत आणलं आणि खाटेवर निजवलं. दवाखान्यातून आल्यापासून असंच चाललं होतं. तो ओट्यावर बसला की घरी जाऊ या म्हणे, त्या त्याला आत आणत. आत आणल्यावर तो छताच्या पत्र्याकडं बघे, भिंतींकडं बघे, आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणे. मग त्यांना वाटे, त्याला उठून बसायचंय. पुन्हा उचलून बाहेर.

आताही तेच झालं. खाटेवर टेकवल्यावर त्यानं ईरम्माच्या पदराचं टोक डाव्या मुठीत धरलं.

"मनीगी."

"घरातच हाव की वो," ईरम्मा मराठीत म्हणाली, मग तेच कानडीत म्हणाली. त्यानं पदर सोडला आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

*

गुरुवारी रुद्रप्पाचा धाकटा भाऊ प्रभु सीमेपलीकडच्या गावातून मोटारसायकलवर आला. शेंगाची चटणी आणि फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या घेऊन. तो ओट्यावर चढला, रुद्रप्पाच्या समोर मांडी घालून बसला आणि कानडीत बोलायला लागला. म्हैस कुणी घेतली, कुणाची सून भांडून गेली, विहिरीला पाणी किती आहे. श्रीदेवीला मधला एखादा शब्द कळत होता.

ती दारात ज्वारीचं ताट पायानं मोडत उभी होती. तिनं बघितलं, वडलांचा चेहरा उजवीकडं लोंबत होता तो अर्ध्यापर्यंत वर आला होता. डोळे प्रभुच्या ओठांवर होते. प्रभुनं काहीतरी विचारलं आणि रुद्रप्पा म्हणाला, "आ बेविन गिडा," आणि हसला. मोठ्यानं, छातीतून. चार महिन्यांत पहिल्यांदा. प्रभुही हसला, त्याच्या गुडघ्यावर थाप मारून. मग दोघं भाऊ एकमेकांचं वाक्य पुरं करत गेले. रुद्रप्पा अडला की प्रभु शब्द द्यायचा आणि तो तो शब्द उचलून पुढं जायचा.

श्रीदेवीनं मोडलेलं ताट हातात तसंच धरलं होतं.

जेवताना प्रभु ईरम्माला म्हणाला, "वैनी, किती दिस झालं तो 'घरी' म्हणतोय?"

"रोज म्हणतात. आत आणतो आमी."

"आत?" प्रभुनं घास खाली ठेवला. "अवो वैनी, दारातला लिंब म्हणतोय तो. विहीर म्हणतोय. आमच्या जुन्या घराचं बोलतोय. तुमी त्याला हितल्या हितं फिरवताय व्हय?"

ईरम्मानं त्याच्या ताटात आमटी वाढली. ती थोडी सांडली.

"तिकडं चावडीवर धा माणसं बसत्यात त्याच्यासंगं बोलाय. उचलाय माझी दोन पोरं हाईत. खोली रिकामी हाय. तुमी बी या. हिला पुण्याला जाऊ द्या."

"त्यास्नी शब्द दिलाय मी. तुमाला ठावं हाय."

"बाप मेला, भांडण मेलं. आता कुणासाठी?"

"शब्द माणूस मेला म्हणून मरतो काय?"

"मग त्यालाच विचारा की."

"त्यास्नी काय कळतंय का आता?" ईरम्मा एकदम मोठ्यानं म्हणाली. मग तिनं ओट्याकडं बघितलं. रुद्रप्पा कडक भाकरीचा तुकडा डाव्या हातानं आमटीत बुडवत होता. "ज्वारी निघू दे भावजी. हिची परीक्षा होऊ दे. मग बघू."

प्रभु निघताना श्रीदेवीजवळ थांबला. "तू काय म्हणतीस?"

तिनं मोडलेलं ताट जनावरांपुढं टाकलं. मोटारसायकलचा आवाज डांबरीवर जाईपर्यंत रुद्रप्पा रस्त्याकडं मान ताणून बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून रानात श्रीदेवीनं आईला एकेक शब्द विचारायला सुरुवात केली. हाताला काय म्हणतात? ऊन? फोड? दुखतं का, हे कसं विचारायचं? ईरम्मा आधी सांगेना. "बाबांनी घरात बंदी केलीय की."

"रानात केली नव्हती."

मग ती ताट पिळता पिळता सांगू लागली. हात म्हणजे कै, ऊन म्हणजे बिसल. श्रीदेवी ओळीच्या शेवटापर्यंत तो शब्द पुटपुटत जायची. तिचे उच्चार ऐकून कमलम्मा बांधावर बसून पोट धरून हसली. "पोरी, तू कानडी बोलतीस की शेळी हाकलतीस?"

त्याच दुपारी, त्या दोघी रानात असताना, रुद्रप्पा एकटा उठला. भिंतीला धरून तो अंगणात उतरला आणि रस्त्याच्या दिशेनं निघाला असावा, कारण तो पडला तो फाटकाच्या अलीकडं, तोंड रस्त्याकडं करून. त्या पोचल्या तेव्हा दुचाकीवरचा एक तरुण तिथं थांबला होता. रुद्रप्पानं त्याच्या विजारीचा पाय धरला होता आणि तो तेच सांगत होता, मनीगी, मनीगी.

"आप्पा, घराच्या दारातच हाईस की!" तरुण हसत म्हणाला. मग ईरम्माला बघून हसू आवरून बाजूला झाला.

रुद्रप्पाचं धोतर ओलं झालं होतं. त्यावर माती बसली होती. ईरम्मानं पदर सोडून त्याच्या मांड्यांवर टाकला आणि तरुण जाईपर्यंत तशीच उघड्या डोक्यानं बसून राहिली. उचलताना श्रीदेवीचा फोड फुटला. तिला ओल जाणवली, दुखणं नंतर आलं.

ओट्यावर धूत असताना ती वडलांच्या समोर वाकली. "बाबा, लागलं का?"

तो आभाळाकडं बघत होता.

"अप्पा," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. "अप्पा, नोवु?"

त्यानं मान वळवली. तिच्याकडं सरळ बघितलं, जणू ती आत्ताच कुठूनतरी आली होती. मग डाव्या हातानं तिच्या हनुवटीवरची माती पुसली आणि बोलायला लागला. पुष्कळ बोलला. तिला त्यातलं काही कळलं नाही. ती मान हलवत राहिली. मागं ईरम्मा पाण्याची बादली घेऊन उभी होती, आणि श्रीदेवीनं तिला काय म्हणतायत असं विचारलं नाही.

*

परीक्षा सोलापुरात एका महाविद्यालयाच्या मोठ्या खोलीत होती. कमलम्मानं ईरम्मासोबत थांबायचं कबूल केलं होतं आणि श्रीदेवी पहाटेच्या एसटीनं निघाली होती. आजूबाजूची मुलं शहरातल्या शिकवण्यांतून आली होती. एकमेकांना विषय सांगत होती, प्लास्टिक, हवामानबदल, समाजमाध्यमं. एका मुलीनं तिच्या हाताच्या चिंधीकडं बघितलं. "भाजलं का?"

"नाही. ज्वारी."

मुलीला ते कळलं नाही, पण तिनं आपल्याजवळची चिकटपट्टी काढून दिली.

शास्त्राचा भाग बरा गेला. निबंधाचा विषय होता, 'माणसाची कामे यंत्रांनी करावीत का?' श्रीदेवीनं विषय वाचला आणि तिला ईरम्माची कंबर आठवली. तिनं लिहिलं की ज्वारी कापणारी यंत्रं आली आहेत, पण ती कडबा चेंगरतात आणि जनावरं असा कडबा खात नाहीत. लिहिलं की रुग्णाला उचलणारी यंत्रं परदेशात असतात. असं यंत्र असतं तर माणसाला खाटेवरून ओट्यावर आणि ओट्यावरून खाटेवर, जितक्या वेळा तो म्हणेल तितक्या वेळा, न थकता नेता आलं असतं. इथं तिचं पेन थांबलं. न थकता. त्यांनीही ते चार महिने केलं होतं, थकून. आणि तो पोचला नव्हता.

हे लिहायचं होतं. शेवटचा परिच्छेद इथं सुरू होत होता, तिला तो दिसत होता. तिनं चिकटपट्टी दाबली, पेन धरलं, आणि पहिलं वाक्य लिहिलं, 'परंतु आधी हे विचारायला हवे की त्या माणसाला'

पर्यवेक्षकानं समोरून कागद ओढला. "बास. घंटा झाली."

"एकच वाक्य, सर."

"सगळ्यांचं एकच असतं."

एसटीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. ती वाक्य मनात पुरं करत होती. अक्कलकोट आलं, गेलं. दक्षिणेकडचे ढग आज जास्त खाली होते आणि वाऱ्याला ओली माती लागल्याचा वास होता, म्हणजे कुठंतरी पाऊस सुरू झाला होता.

ती रानात पोचली तेव्हा दिवस कलला होता. बाकी सगळं रान मोकळं झालं होतं, पेंढ्या रचून त्यावर ताडपत्री टाकलेली होती. ईरम्मा एकटी वरच्या कोपऱ्यात होती. रुद्रप्पा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, कमलम्मा जनावरं बांधायला गेली होती.

श्रीदेवीनं ओढणी कमरेला खोचली आणि आईच्या शेजारच्या ओळीत शिरली. दोघी उपटत राहिल्या. इथली माती इतर रानापेक्षा घट्ट होती, ताट येताना ढेकूळ घेऊन येत होतं. हाताची पट्टी सुटून गेली. शेवटची काही ताटं राहिली तेव्हा ईरम्मा बाजूला झाली, जणू तिचं काम संपलं होतं, आणि श्रीदेवीनं ती उपटली.

कोपरा उघडा पडला. नुसती जमीन होती, भेगाळलेली, इतर जमिनीसारखी.

ईरम्मा तिकडं बघत म्हणाली, "झाला का पेपर?"

"शेवट राहिला."

"तितं बी?"

"हो."

त्यांनी ताटं ताडपत्रीखाली नेली आणि घराकडं आल्या. रांजणातून पाणी घेऊन ईरम्मानं हात धुतले. ओट्यावरून आवाज आला, रोजच्या वेळी, रोजच्यासारखा. "मनीगी होगूण."

ईरम्मा सवयीनं डावीकडं गेली, त्याच्या काखेत हात घातला. "धर की गं."

श्रीदेवी उजवीकडं गेली नाही.

"धर. पाऊस येतोय, आत घेऊ."

"आत नको, आई."

"मग कुटं?"

श्रीदेवीनं रस्त्याकडं पाहिलं. ईरम्माचा हात त्याच्या काखेतच होता.

"मी शब्द दिलाय," ईरम्मा म्हणाली. "त्या कोपऱ्यात उभं करून घेतलाय माझ्याकडनं. तू हुतीस की तितं."

"होते."

"मग?"

"शब्द बाबांना दिला होतास. मोडू का म्हणून त्यांना विचारायला पाहिजे. पण आई, मी रोज हाक मारते. बाबा आता येत नाहीत."

ईरम्मानं हात हळूहळू काढून घेतला. ती ओट्याच्या कडेवर बसली आणि तिनं ओला पदर तोंडावर धरला. खांदे हलत होते. या वेळी आवाजही निघत होता. रुद्रप्पानं तिच्याकडं बघितलं, डावा हात लांबवला, पण तो तिच्या पाठीपर्यंत पोचत नव्हता. श्रीदेवी त्याच्या उजव्या बाजूला, पूजेच्या वेळी बसायची तशी चिकटून बसली आणि आपला उजवा हात आईच्या पाठीवर ठेवला. हात पोचल्यावर त्यानं मान हलवली.

पाऊस ताडपत्रीवर वाजायला लागला. ज्वारी झाकलेली होती.

"काकांना फोन कर," श्रीदेवी म्हणाली. "गाडी घेऊन या म्हणावं. तू पण जा. मी घराला कुलूप लावून किल्ली कमलम्मावहिनींकडं देते."

"आन् तुझं पुण्याचं न्हाय झालं तर? शेवट राहिला म्हणतीस. आन् झालं तर सुट्टीत येशील ते कुटं येशील?"

श्रीदेवीनं दाराकडं पाहिलं. चौकटीवर रुद्रप्पानं खडूनं तिच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या, आणि प्रत्येक खुणेपुढं मराठीत आकडा लिहिला होता.

"ते बघू," ती म्हणाली.

मग ती वडलांसमोर येऊन ओट्याखाली मातीत, तिचे ओठ त्याला दिसतील अशी उभी राहिली. वाक्य तिनं मनात एकदा जुळवून पाहिलं. उच्चार चुकणार होता, ते तिला ठाऊक होतं.

"हूं, अप्पा," ती मोठ्यानं म्हणाली. "मनीगी होगूण."